पोदेराला विचारा

‘घर-दार’ या सदरात जागा, दस्त, भाडेकरू आणि शेजार यांविषयी वाचक विचारतात. उत्तरं देणाऱ्या ताई गोव्यात बार्देश तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात ३१ वर्षं नोंदणीच्या टेबलावर होत्या. राहतात पणजीहून मांडवीपलीकडे, आल्त पर्वरीत. या वेळची बहुतेक पत्रं पर्वरीचीच निघाली.

प्रश्न : ताई, मी डिचोलीची. खासगी शाळेत शिकवते, मिस्टर सचिवालयात आहेत. सहा वर्षं पर्वरीत सुकूरला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. भाडं २६ हजार. मालक दिल्लीचे. ऑक्टोबरात खाली करा म्हणाले, सीझनला त्यांना पर्यटकांना द्यायचाय. त्याच बिल्डिंगीत तसाच फ्लॅट ९० लाखांना विकायला आहे. दोघांचा हातात येणारा पगार मिळून १ लाख ५ हजार. मिस्टर म्हणतात, आत्ता घेतला नाही तर कधीच जमणार नाही. सासरे म्हणतात डिचोलीचा प्लॉट पडलाय, तिथे बांधा. मुलगी दुसरीत आहे. काय करू?

पत्रातला ९०चा आकडा वाचून मी आधी चहा ठेवला, मग पेन घेतलं. एवढ्या घराला बँक फार तर ८० टक्के देते, म्हणजे ७२ लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साडेबासष्ट हजारांच्या आसपास येतो. वरचे १८ लाख तुमचे. स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी वेगळी, तिला बँक दमडी देत नाही. तुमची बिल्डिंग पुरी झालेली आहे म्हणून बरं. बांधकाम चालू असतं तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेचार लाख. तर १ लाख ५ हजारांतून हप्ता गेला की साडेबेचाळीस उरतात. त्यात मुलीची शाळा, दोन स्कूटरी, डिचोलीची औषधं आणि गणपतीची चवथ. बाय, नाही बसत. मिस्टरांना हा कागद वाचायला द्या.

आता तोच हिशेब मालकाच्या बाजूने करा. तुम्ही वर्षाला ३ लाख १२ हजार भाडं देता. ९० लाखांवर ते साडेतीन टक्केही होत नाहीत. बँकेत मुदत ठेव ठेवली असती तरी माणसाला जास्त मिळाले असते. मग तो फ्लॅट घेतो कशाला? भाव चढेल म्हणून, आणि डिसेंबरात आठ दिवस यायला जागा हवी म्हणून. तुम्ही त्याच्या फ्लॅटमध्ये मधल्या काळात वारा खेळता ठेवणारी माणसं. ऐकायला कडू आहे, पण हे धरून चाललं की ‘ऑक्टोबरात खाली करा’ याचं नवल वाटत नाही.

पर्वरी अशी नव्हती. ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल पडला आणि नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. मधली वर्षं आम्ही बेतीच्या फेरीबोटीत काढली. पावसात साडी गुडघ्यापर्यंत धरून, हातात डबा, आणि फेरीबोटवाल्याने साखळी ओढली की धावायचं. त्या काळात पर्वरीत घर घ्यायला कोण राजी? आमच्या फ्लॅटचा पहिला मालक फेरीला कंटाळून पणजीला गेला. १९९०मध्ये १ लाख ९० हजारांना त्याने तो आमच्या गळ्यात मारला, आणि माझ्या सासूने ‘नदीपलीकडे काय स्मशानात राहणार?’ म्हणून आठवडाभर अबोला धरला. त्यानंतर २००० साली विधानसभा आली, २०१९च्या जानेवारीत मांडवीवरचा अटल सेतू, २०२१मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारत, २०२३च्या जानेवारीपासून मोपा विमानतळाची विमानं. प्रत्येक फीत कापली गेली की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सेल डीडचा गठ्ठा जाड व्हायचा. २०२०पर्यंत त्यात निदान पेडणे, डिचोली, सत्तरी, पणजी असे पत्ते असत. कोविडनंतर गुरुग्राम, बंगळूर, पवई.

माझ्या बाल्कनीसमोर सात मजली नवी बिल्डिंग आहे. ४२ फ्लॅट, सगळे विकले गेलेले. रात्री साडेआठला मी दिवे मोजते. खोड म्हणा. जुलैत नऊ-दहा. सव्वीस डिसेंबरला पस्तीसच्या वर. आमच्या जुन्या बिल्डिंगीत नेमकं उलटं. वर्षभर सगळी घरं पेटती आणि चवथीला मिट्ट काळोख, कारण गणपतीवर माटोळी बांधायला जो तो आपल्या मूळ गावी. एका रस्त्याच्या दोन बाजू, आणि दिवे कधी एका वेळी लागत नाहीत.

म्हणून कुणी घर बघायला निघालं की मी सांगते, ब्रोकरला नंतर विचारा, आधी पोदेराला, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याला विचारा. सकाळी साडेसहाला बिल्डिंगीच्या गेटाशी उभ्या राहा. सायकलीवर टोपली, वर निळं प्लास्टिक, भोंगा. त्याला म्हणा, इथे किती घरांत पाव जातो? तो खोटं बोलणार नाही, त्याला तुम्हाला काही विकायचं नाहीये. आमच्या पोदेराने समोरच्या बिल्डिंगीसाठी थांबणंच सोडलं. ‘दोन कातरे पाव आणि एक पोळी (कोंड्याचा पाव), तेवढ्यासाठी वॉचमनशी कोण भांडत बसेल?’ जिथे पोदेर थांबत नाही तिथे तुमच्या मुलीला खेळायला पोरं नसतात, लिफ्ट बंद पडली तर मीटिंगला माणसं नसतात, आणि मेंटेनन्सची थकबाकी मागायला दिल्लीला फोन करावा लागतो.

तुम्ही काय करावं, ते सांगते. नवा फ्लॅट सोडा. आल्त पर्वरीत, ‘तीन बिल्डिंग’ म्हणतात त्या भागाच्या आसपास, ३०-३५ वर्षांच्या लिफ्ट नसलेल्या इमारती आहेत. म्हातारी माणसं जिना चढेनाशी झाली की तिसऱ्या मजल्यावरची घरं विकायला निघतात, आणि ती सुकूरच्या नव्या फ्लॅटपेक्षा बरीच कमी भावात जातात. तुम्ही तरुण आहात, जिना चढा. फक्त वकिलाला एक गोष्ट खोदून विचारायला लावा : जमीन सोसायटीच्या नावावर झाली की अजून मूळ भाटकाराच्याच, म्हणजे जमीनमालकाच्याच? आमच्या बिल्डरने ती आजतागायत करून दिलेली नाही. मी स्वतः दुसऱ्यांचे दस्त नोंदवत बसले आणि घरचा राहिला. आता बिल्डरही नाही, भाटकाराचे वारस तीन देशांत. आमच्या वेळी रेरा, म्हणजे बिल्डरांना वेसण घालणारा कायदा, नव्हता. आता रेरा आहे, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. पण तो नव्या बांधकामांना. जुन्या घराचं पाप-पुण्य कागदातच शोधावं लागतं.

डिचोलीचा प्लॉट विकू नका. तिथे आत्ताच बांधूही नका. महामार्गावर उड्डाण रस्त्याचं काम २०२४पासून चालू आहे, त्या धुळीतून रोज येऊन-जाऊन दुसरीतली पोर संध्याकाळी जेवणाच्या ताटावर झोपेल. ऑक्टोबरपर्यंत भाड्याचंच दुसरं घर बघा. याबद्दल शेवटच्या पत्रात थोडं आहे, ते वाचा.

प्रश्न : आमचं सुकूरला वडिलार्जित घर आणि भोवती ११०० चौरस मीटर जागा. वडील २००९ला वारले. आई, आम्ही दोघे भाऊ, एक बहीण (लग्न होऊन डोंबिवलीला). ब्रोकर मागे लागलाय, बिल्डर रोख रक्कम अधिक दोन फ्लॅट देतो म्हणतो. बहिणीचं लग्नात सगळं केलेलं आहे, तरी तिची सही लागेल का? मोठा भाऊ म्हणतो, आपण दोघांनी आणि आईने केली की पुरे.

पुरे नाही. आणि ‘लग्नात सगळं केलं’ हे वाक्य आमच्या कार्यालयात मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा रबरी शिक्का करून घ्यायला हवा होता.

गोव्याचा वारसा कायदा पोर्तुगीज नागरी संहितेतून आला. आता तो २०१२च्या वारसा आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहे. त्यात मुलगा-मुलगी सारखे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे वडील गेले तेव्हा निम्मं घर आईचंच होतं, ते वारशात आलंच नाही. उरलेल्या निम्म्याचे तीन सारखे वाटे, तुम्हा प्रत्येकाला सहावा हिस्सा. आणि विकताना तुमच्या बायकोची सही लागते, मोठ्या वहिनीची लागते, डोंबिवलीच्या भावोजींची सहीही वकील घेतल्याशिवाय राहत नाहीत. एकदा आमच्याकडे सात भावंडांचा दस्त आला होता. तेरा सह्या झाल्या आणि चौदावी सून माहेरी रुसून बसलेली. बिल्डरची गाडी आठवडाभर म्हापशात उभी. शेवटी तिला कुणी तरी विचारलं तरी की घर विकायचं का. तिचं म्हणणं तेवढंच होतं.

आधी सर्व्हे क्रमांकाचा फॉर्म एक आणि चौदा काढा. ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याचं, नाव आहे का बघा. मागच्या अंगणात जो माणूस आजोबांच्या काळापासून राहतोय त्याला ब्रोकर ‘तो काय, बघून घेऊ’ म्हणेल. मुंडकार कायदा १९७५चा आहे, तो बघून घेतला जात नाही.

भावंडांत पटत नसेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचं प्रकरण, कोर्टात दाखल करा. त्यात एक सोय अशी की वारसांना आपापसात बोली लावता येते. ज्याची बोली जास्त त्याला घर, तो बाकीच्यांचे पैसे चुकते करतो. ब्रोकरला हे आवडत नाही, कारण कित्येकदा घर घरातच राहतं. तुमच्या पत्रात आईला काय हवंय याचा एक शब्द नाही. निम्मं घर तिचं आहे. तिचं वय आणि गुडघे दोन्ही मला माहीत नाहीत, पण बिल्डरचे दोन फ्लॅट तयार होईपर्यंत ती राहणार कुठे, हे करारात नाव-पत्त्यासह लिहून घ्या.

प्रश्न : आम्ही पुण्याचे, कोथरूडला असतो. दोघंही निवृत्त. गोव्यात कायमचं राहायला यायचंय. पर्वरी की ताळगाव? ८०० स्क्वेअर फूट पुरतील का? एक एजंट पिळर्णच्या बाजूला हिरव्या डोंगराचा ‘व्ह्यू’ आहे म्हणून जास्त भाव सांगतोय.

पहिली गोष्ट, आमच्याकडे चौरस मीटर चालतो. ८०० फूट म्हणजे ७४ मीटर. आणि ते कार्पेट की सुपर बिल्टअप, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. फुटांत भाव सांगणारा एजंट बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी वेगळी वही ठेवतो, असा माझा अनुभव. मीटरमध्ये विचारा, आवाज बदलतो.

डोंगराचे पैसे देऊ नका. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे कलम घातलं आणि त्याखाली कितीतरी तुकड्यांचे झोन बदलले. त्याचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५मध्ये रद्द केले, आणि हे खंडपीठ बसतं आमच्या पर्वरीतच, त्या डोंगरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. तरी आज हिरवं दिसतं ते तुमच्या हयातीत हिरवं राहील, याचा दस्त कुणी करून देत नाही.

पाण्याचं विचारायला विसरलात. पर्वरी पठारावर आहे. आम्हाला पाणी येतं अस्नोड्याहून, आणि अस्नोड्याला तिळारीहून. धरण तुमच्या महाराष्ट्रात, दोडामार्गला. कालवा फुटला की आमचा नळ कोरडा. दर काही वर्षांनी फुटतो. बिल्डिंगीला जमिनीखालची टाकी किती हजार लिटरची आहे आणि मे महिन्यात टँकर किती आले, हे सेक्रेटरीकडून वहीत बघून घ्या. ताळगावला पठाराची ही कटकट नाही, बांबोळीचं मेडिकल कॉलेज जवळ. तुमच्या वयाला मी ताळगावकडे कलेन. पर्वरीहून बांबोळीला जायचं तर मधे मांडवी आहे, आणि सध्या पुलापर्यंत पोचणं हाच प्रवास.

कायमचं येणार म्हणता, तर आधी एक पावसाळा भाड्याने राहा. जूनमध्ये या, सप्टेंबरपर्यंत थांबा. डिसेंबरात गोवा पाहून घर घेणाऱ्यांचे कपाटातले बुरशी आलेले कपडे मी पाहिलेत.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी पर्वरीची लोकसंख्या हवी आहे. कुठे मिळत नाही. पर्वरी गाव आहे की शहर?

मिळणार नाही, कारण पर्वरी नावाची पंचायतच नाही. पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद या तीन पंचायतींत ती वाटलेली आहे. मॉल, विधानसभा, उच्च न्यायालय सगळं असून कचरा मात्र पंचायत उचलते. शोधताना पंचायतीच्या नावाने शोध.

२०११च्या जनगणनेत पणजी महापालिकेत फक्त ४० हजार माणसं होती, पण पणजीच्या नागरी समूहात, म्हणजे आजूबाजूची वस्ती धरून, १ लाख १४ हजार. पणजीत काम करणारा माणूस पणजीत राहत नाही हे एवढ्यात दिसतं. त्याच जनगणनेत गोव्यातलं पाचातलं एक घर रिकामं निघालं. आणि तेव्हा तू चार-पाच वर्षांचा असशील. २०२१ची गणना झालीच नाही, आता २०२७ची आहे. प्रकल्पात जुने आकडे दे आणि जोडीला आपल्या बिल्डिंगीतली घरं स्वतः मोज : किती राहती, किती बंद, कुठल्या गावची. सर रागावले तर माझं नाव सांग.

प्रश्न : वय ७३. तीन बिल्डिंगजवळ दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. यजमान गेले. एक मुलगा टोरांटोला, एक लंडनला. समोरचाच फ्लॅट धाकट्याने घेऊन ठेवलाय, २०१६पासून कुलूप. भाड्याने दे म्हटलं तर म्हणतो, भाडेकरू शिरला की निघत नाही, आणि भाव वाढतोय तर असू दे. रात्री जिन्यात कोणी बोलत नाही. ब्रोकर म्हणतो ऑनलाइन पर्यटकांना द्या, दुप्पट मिळतील.

काकी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अक्षर फार सुरेख आहे.

पर्यटकांचं मनातून काढा. त्याला पर्यटन खात्याची नोंदणी लागते, दर दोन दिवसांनी चादरी बदलाव्या लागतात, आणि रात्री दोनला बेल वाजते ती तुमच्याच दारावर. पोराची भीती मात्र अगदीच खोटी नाही. पूर्वी भाडं-नियंत्रणात अडकलेली घरं आम्ही पाहिली आहेत, त्याने ती बापाच्या तोंडून ऐकली असणार. पण आता सगळे अकरा महिन्यांचा लीव्ह-अँड-लायसन्स करतात. तो स्टँपवर करा, भाडेकरूचा पडताळणी फॉर्म पोलीस स्टेशनात द्या, सोसायटीला एक पत्र द्या, तीन महिन्यांचं डिपॉझिट घ्या. एवढं करून नोकरदार कुटुंब घेतलंत तर ते उठत नाही असं सहसा होत नाही. मुलाला तिकडून मुखत्यारपत्र पाठवायला सांगा, तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून. जुनी माणसं त्याला प्रोकुरासांव म्हणत. तुमचे यजमान म्हणत असतील.

भाव वाढतोय म्हणतो तर वाढू दे, माणसं आत राहिली म्हणून तो कमी होत नाही. उलट नऊ वर्षं बंद असलेल्या फ्लॅटची प्लंबिंग एकदा उघडून बघा. गोव्यात बाईमागे सरासरी मुलं १.३ असं २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. तुमच्या जिन्यात पोरांचा आवाज नाही यात नवल नाही. जी आहेत ती टोरांटोला.

आता एक गोष्ट. या अंकाची पत्रं टेबलावर पसरली तेव्हा तुमचं आणि डिचोलीच्या मास्तरीणबाईंचं एकावर एक पडलं. तिला ऑक्टोबरात घर हवंय, तुमच्यासमोर कुलूप आहे. नावं-पत्ते मी परस्पर देणार नाही, ते या सदरात चालत नाही. पण दोघींनी संपादकांना कळवलं तर ते गाठ घालून देतील. भाडं २६ हजारांहून कमी ठेवा, तिला शाळेचा पगार आहे. पोर दुसरीत आहे, संध्याकाळी तिला पाढे म्हणायला बसवा. आणि पोदेराला सांगून ठेवा, समोर दोन पोळ्या जास्त.